टाळ्या झाल्या की पेटी

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ती. ताईंना शिरसाष्टांग नमस्कार.

सकाळी बाजारात जाऊन आलो. दुपारी थोडी झोप लागली. चार वाजता दातांचे डॉक्टर येऊन गेले. आजचा दिवस एवढाच.

तुमचा गुडघा कसा आहे? गेल्या खेपेला आमचा जिना उतरताना तुम्ही जे शब्द वापरलेत, त्यानंतर खालच्या मजल्यावरच्या बाई दार लावूनच बसतात. तेव्हा गुडघा दुखत असला तरी आवाज ठणठणीत आहे, असं धरून चालतो. माझी प्रकृती बरी आहे. लोक "कसे आहात?" असं विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जातात, त्यामुळे बोलण्याचाही त्रास नाही.

पत्र लिहायचं कारण असं, की शनिवारी संगीत विद्यालयात तुमच्या धाकट्या बहिणीची स्मृतिसभा झाली. तिथे माझ्या हातून जे झालं ते तिखटमीठ लावून तुमच्यापर्यंत पोचायच्या आत मीच कळवावं म्हटलं. (गुडघ्यामुळे तुम्ही सुटलात. त्या गुडघ्याचे आभार माना.) सभा मोठी थाटाची झाली. ती ज्या खोलीत शिकवायची ती तुम्ही पाहिली आहे. झाडू-बादल्यांच्या खोलीशेजारची. तिथल्या खिडकीची काच फुटली होती आणि ओल येऊन चेलोचं, म्हणजे त्या माणसाएवढ्या व्हायोलिनचं, लाकूड फुगतं, असं ती प्राचार्यांना वर्षानुवर्षं सांगत होती. विषय विचाराधीन होता. आता मात्र विद्यालयाने महिन्याभरात एक मोठं काचेचं कपाट करून घेतलं आहे, आत दिवासुद्धा आहे. जिवंतपणी खिडकीला काच मिळाली नाही, गेल्यावर अख्खं कपाट मिळालं. बाईंनी घाई केली नाही हेच चुकलं म्हणायचं.

त्या कपाटात तिचा चेलो कायमचा ठेवायचा असं ठरलं होतं. म्हणजे ती गेली त्याच आठवड्यात प्राचार्य घरी आले, हळू आवाजात बरंच बोलले आणि मी मान हलवली. त्या दिवसांत मी सगळ्यांनाच मान हलवत होतो. दूधवाल्याला हलवली म्हणून घरी दोन दिवस चौपट दूध येत होतं. दूधवाल्याने समजून घेतलं, प्राचार्यांनी मात्र सुतार बोलावला.

सभेत प्राचार्यांनी तिच्या कारकिर्दीवर भाषण केलं. ते ऐकून मला अशा बाईंशी एकदा ओळख करून घ्यावीशी वाटली. मला माहीत असलेली कारकीर्द साधी होती. वाद्यवृंदात शेवटून दुसरी खुर्ची, अर्धी खांबाआड. वर्तमानपत्राने जन्मात एकदा दखल घेतली, "चेलोही ठीक" अशी. (तेव्हापासून आमच्याकडे कोणी जेवण कसं झालंय विचारलं की उत्तर ठरलेलं असे, भाजीही ठीक.) प्रवासात चेलोसाठी वेगळं तिकीट काढावं लागे आणि खिडकी नेहमी त्यालाच मिळे. तिकीट तपासणाऱ्याने एकदा प्रवाशाचं वय विचारलं. तिने एकशे दहा सांगून ज्येष्ठांची सवलत मागितली. चेलो उचलायला मी होतोच. आमच्या लग्नात तुम्ही तिला सगळ्यांदेखत विचारलं होतंत, "नवरा केलास की हमाल?" मला राग आला नव्हता. निदान कामाचं स्वरूप स्पष्ट झालं.

तर त्या हमालीमुळेच घोटाळा झाला. तिचे कार्यक्रम मी समोर बसून कधी ऐकले नाहीत. शेवटच्या टाळ्या पडल्या की चेलोची रिकामी पेटी घेऊन मंचावर जायचं आणि लोक फुलं घेऊन वर यायच्या आत चेलो बंद करायचा, हे माझं काम. (एकदा एका पाहुण्यांच्या पोटाचा धक्का लागून तारांखालची घोडी निसटली होती. पाहुण्यांनी चेलोची क्षमा मागितली, तिची नाही.) शनिवारी तिची खुर्ची मंचावर मांडली होती, तिला टेकून चेलो, बाजूला गज, मागे पेटी. प्राचार्य म्हणाले, "आता हा चेलो कुठेही जाणार नाही." आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी उठलो. वर गेलो. गज सैल केला, चेलोचा जमिनीवर टेकायचा खिळा आत ढकलला, चेलो पेटीत ठेवला, खटके लावले आणि मागच्या दाराने बाहेर पडलो. सभागृहाला हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. काही बायका रडल्याचं नंतर कळलं. प्राचार्य बोलायचे थांबले, असंही कळलं, म्हणजे सभेचा थोडा तरी उपयोग झाला. मी भानावर आलो तो आमच्या जिन्यात, पेटी खाली ठेवून दम खाताना.

हे सगळं निव्वळ सवयीने झालं, यावर तुम्ही तरी विश्वास ठेवा. दिलेला शब्द मोडणाऱ्यांतला मी नाही. चेलो लवकरच पोचता करीन.

आपला,
हमाल

ता. क. प्राचार्यांचा फोन आला होता. चेलो ताई घेऊन गेल्या, असं मी सांगून टाकलं आहे. ते तुम्हाला फोन करतील. तुम्ही जिन्यातल्या आवाजात फक्त "हो" म्हणा. पुढचं ते विचारणार नाहीत.

आणखी एक. वर दातांच्या डॉक्टरांचा उल्लेख आहे. माझे दात ठीक आहेत. हे गृहस्थ तिचे शिष्य, पन्नाशी उलटलेले, वर्षानुवर्षं एकाच धुनेवर अडलेले. ती त्यांना तोंडावर "करवत" म्हणायची आणि ते खूश व्हायचे. तिचे गुणी विद्यार्थी आता मोठमोठ्या ठिकाणी आहेत. त्यांचे फार सुंदर संदेश आले, त्यातले दोन तर शब्दन् शब्द सारखे होते. करवत मात्र ती गेल्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी चार वाजता दारात उभी. सवयीने आलो, म्हणाले. सवयीपुढे मी काय बोलणार? वाद्य वाजवलं नाही की त्याचा आवाज बसतो, असं ती सांगायची. म्हणून मी तिचाच चेलो त्यांच्या हातात दिला आणि नेहमीसारखा स्वयंपाकघरात भाजी चिरत बसलो. तिसऱ्या ओळीत ते नेहमीच्या जागी कोसळले. भिंतीपलीकडून कोणी काहीच बोललं नाही. ते मला सहन झालं नाही. मी सुरीसकट दारापर्यंत गेलो आणि म्हणालो, "मनगट."

त्यांनी मनगट सैल केलं. मग म्हणाले, "हो बाई," आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागले.

तेव्हापासून दर मंगळवारी हे चाललं आहे. मला सूर कळत नाही, पण ती कुठे ओरडायची ते पाठ आहे. आज ते तिसरी ओळ पार करून चौथीत कोसळले. हे विद्यालयाला कळू देऊ नका, चौथ्या ओळीचंही कपाट करतील.

आता तारांवर सांडलेली गजाची राळ फडक्याने पुसायची आहे, गज सैल करायचा आहे, खटके लावायचे आहेत. टाळ्या झालेल्या नाहीत. तरी उठतो.