लेनवरचं तेल आणि माझा साडू

३ तारीख, सोमवार
लीगमध्ये पहिला गेम १८१. दुसरा १५२. तिसरा लिहीत नाही. दोष लेनचा. बॉल ज्या लाकडी फळ्यांवरून घरंगळत पिनांकडे जातो, त्यांवर तेल लावतात, बॉल टाकून टाकून ते उडतं, मग बॉल वेळेआधीच डावीकडे वळतो. साडूला यातलं ओ की ठो कळत नाही. त्याला बॉलिंगला मीच आणलं, कारण बायकोची बहीण म्हणाली, हे घरी नुसते बसून असतात. त्याचा तिसरा गेम १८८. नशीब, दुसरं काय.

६ तारीख, गुरुवार
फायनलच्या टीममध्ये एकच जागा उरली. मी किंवा साडू. सोमवारी तीन गेम, ज्याची बेरीज जास्त त्याची जागा. इतकी वर्षं टीमसाठी घाम गाळला आणि आता माझी परीक्षा! बायको म्हणाली, कोणीही गेलं तरी घरचंच माणूस. मी जेवलो नाही.
जळत नाही मी. फक्त त्याचे नवे शूज बघवत नाहीत.

८ तारीख, शनिवार
उद्यापासून पहाटे व्यायाम. डावपेच पक्का: बॉल डावीकडे पळतो, तर आपण उजवीकडे सरकून उभं राहायचं. साधा हिशेब आहे.

९ तारीख, रविवार
मनगट जपलेलं बरं. व्यायाम नंतर.

१० तारीख, सोमवार. दुसऱ्या गेमनंतर, बाकावर
पहिल्या गेममध्ये मी दोन पिनांनी पुढे. अनुभव तो अनुभव. दुसऱ्यात तेल उडालं. उजवीकडे सरकलो, बॉल आणखी डावीकडे. आणखी सरकलो. १३९. दगाबाज लेन.
साडूचाही बॉल भरकटलाय. तो १४१. आत्ताच येऊन त्याने विचारलं, "साडूभाऊ, कुठे उभा राहू?"
मी म्हटलं, डावीकडे सरका. चांगल्या दोन-तीन फळ्या.
बिचारा सरकला. वाईट वाटलं. फार नाही.

त्याच दिवशी, घरी
तिसरा गेम: मी १२१. तो २२३.
साडूने सगळ्यांसमोर माझे हात धरले. म्हणाला, यांनी सांगितलं म्हणून जमलं. कॅप्टनने माझी पाठ थोपटली. "फायनलला तुम्हीही या. मागे बसून यांना सांगत राहा. तुम्ही फक्त टाकू नका."
आता बायको बहिणीशी फोनवर बोलते आहे. "आमच्या ह्यांचं मन फार मोठं आहे गं."
आतल्या खोलीत बसून ऐकलं. लाज वाटली. खरंच वाटली. आजचं त्याचं नशिबाने निभावलं, पण असली लबाडी पुन्हा करायची नाही. फायनलला साडूला मनापासून खरा सल्ला देणार.
उजवीकडे सरका.