चावी कुठंय?

४ फेब्रुवारी, मंगळवार

उभी राहा! दोन वर्षं शाळेत वायरी जोडून बोटं सोलपटली, आणि लिफ्टच्या कंपनीत पहिला धडा काय — तर तिथं उभी राहा.

शाळेनं कंपनीशी करार केलाय. आठवड्यातले तीन दिवस वर्ग, उरलेले कंपनीत. मॅडम माईकवरून म्हणाल्या, "आता शाळा आणि उद्योग हातात हात घालून चालणार!" चाला बाई, चाला. माझ्या हातात मात्र एक लाल कुलूप दिलंय.

नियम असा, की लिफ्टवर काम करणाऱ्या प्रत्येकानं आधी पॅनेलच्या खोलीतला मेन स्विच बंद करायचा, त्याच्या कडीत आपापलं कुलूप अडकवायचं आणि चावी आपल्याच खिशात ठेवायची. एक जरी कुलूप राहिलं तरी स्विच चालू होत नाही. बरं, मान्य. पण मी काम करतेय कुठं? लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरतो तो मेकॅनिक. मी बाहेर खांबासारखी. तरी माझं कुलूप लागलंच पाहिजे म्हणे!

मेकॅनिकचं नाव आजपासून खवीस.

६ फेब्रुवारी, गुरुवार

"चावी कुठंय?"

खिशात आहे, काका. थोड्या वेळानं परत — "चावी कुठंय?" जेवताना घास तोंडात, तरी तेच. चावीला काय पाय फुटणार आहेत? डोक्यात जातो हा माणूस.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज कळलं, कंपनी नोकरीला दोघांतला एकच घेणार. मी किंवा टॉपर. (आमच्या वर्गातला. कायम पहिला, कायम भांग पाडलेला.)

टॉपरला मिळालाय तो हसरा मेकॅनिक. सगळे त्याला दादा म्हणतात. टॉपर त्याच्याबरोबर खड्ड्यातसुद्धा उतरतो! ग्रीस लावतो, नट आवळतो. परत आला की कोपरापर्यंत काळा, आणि मिरवतो असा, की बघवत नाही. "कुलूप? दादा म्हणतो दोन मिनिटांच्या कामाला कशाला कुलूप!"

माझे हात स्वच्छ. लाज वाटते मला माझ्या हातांची.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आत्या आली होती. "नाही घेतलं त्यांनी तर माझं पार्लर आहेच की. मुलीच्या जातीला बरं ते." आईनं मान डोलावली. बाबांनी पण! म्हणजे आधीच ठरवून बसलेत सगळे. जन्मभर बायकांच्या भुवया कोरू? मेले तरी नाही. ही नोकरी मला हवी म्हणजे हवी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज सरळ विचारलं. काका, मला कधी उतरवणार?

खविसानं वर बघितलंसुद्धा नाही. "चावी सांभाळता आली की." आणि मग सगळ्या वायरमनांसमोर ओरडून, "चावी कुणाला द्यायची नाही! साहेबाला नाही, मला पण नाही! कळलं का?"

फिदीफिदी हसले सगळे. दातओठ खात उभी राहिले. देवा, एकदा तरी याची जिरू दे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज सगळं पहिल्यापासून लिहिते.

मॅडम आणि कंपनीचे साहेब फोटो काढायला आले. त्यांना फोटो हवा असा, की लिफ्टच्या आत मी आणि टॉपर हसत उभे, मागे कराराचा फलक! पण स्विच बंद, त्यामुळे लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकलेली. खविसानं आपलं कुलूप काढलं, मला म्हणाला, "झालं काम, हात धुऊन येतो." कडीत एकटं माझं लाल कुलूप राहिलं.

साहेब पॅनेलच्या खोलीत आले. "चावी दे. लिफ्ट खाली घेऊ."

आणि मला काय अवदसा आठवली! म्हटलं, खविसाचाच नियम, त्याच्याच साहेबाच्या गळ्यात. "नाही देणार. काकांनी सांगितलंय, साहेबांना पण द्यायची नाही." मुद्दाम मोठ्यानं. म्हणजे खविसाला चांगला झापतील, एवढंच डोक्यात होतं. मॅडमचा चेहरा पांढराफटक. टॉपर गालात हसतोय. साहेब म्हणाले, "कोण समजतेस गं तू स्वतःला?" आणि तरातरा निघून गेले. फोटो जिन्यात काढला. त्यात मी नाही.

मी एकटीच कोपऱ्यावरून लिफ्टकडे गेले. तर दार उघडं. आणि खड्ड्यातून खविसाचं टक्कल वर येतंय.

टॉर्च खाली राहिला होता म्हणून परत उतरले होते. बिनकुलपाचे! त्यांचं कुलूप त्यांच्याच खिशात. आमचं बोलणं खाली ऐकूच गेलं नव्हतं. मी सांगितलं, साहेब आत्ता लिफ्ट खाली आणणार होते.

ते जमिनीवरच बसले. मग म्हणाले, "चावी कुठंय?"

दाखवली.

३ मार्च, सोमवार

साहेबांच्या केबिनमध्ये मी, मॅडम, खवीस.

"मुलगी उद्धट आहे. कारण काय, विचारा तिला."

मी खविसाकडे बघितलं. म्हटलं, बोला ना! आता तरी तोंड उघडा! ते बुटांकडे बघत बसले. बिनकुलपाचा खड्ड्यात उतरला तर नोकरीवरून बाद — पॅनेलवरच पाटी आहे, मोठ्या अक्षरात. जीव वाचला माझ्यामुळे, आणि हा माणूस बूट बघतोय! भित्रा! मतलबी!

मीच सांगून टाकणार होते. ओठांवर आलं होतं. पण त्या दिवशी ते जमिनीवर कसे बसले ते बघितलं होतं ना. नाही सांगितलं. स्वतःचाच राग येतोय आता.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "शाळेचं नाव घालवलंस."

५ मार्च, बुधवार

टॉपरची निवड झाली. आत्या पार्लरचा एप्रन ठेवून गेलीय, गुलाबी. कपाटात कोंबला.

७ मार्च, शुक्रवार

आईनं एप्रन काढून, घडी घालून वर ठेवला. मी परत कोंबला.

१० मार्च, सोमवार

शनिवारी मॅडमचा फोन आला होता. खवीस — काका — स्वतःहून साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांना त्याच दिवशी काढलं. टॉपरची निवड रद्द, मला घेतलं. मॅडम "अभिनंदन" म्हणाल्या. मला रडू आवरेना.

आज पहिला दिवस. मला दादाच्या हाताखाली दिलंय. तो हसत हसत खड्ड्याकडे निघाला, मला म्हणाला, "चल, उतर तू पण!"

मी विचारलं, "चावी कुठंय?"

"अगं, दोन मिनिटांचं तर काम आहे!"

मी दार अडवून उभी राहिले.