आईची पाळी कितव्या वर्षी गेली?

आई, तुझी पाळी कितव्या वर्षी गेली ते आधी सांग. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांनी मी विचारते आहे ते हे. पण फॉर्ममध्ये तोच प्रश्न आहे आणि उत्तर द्यायला तू नाहीस, म्हणून माझी चिडचिड होते आहे. तुझी नात आणि तिचा नवरा नौपाड्यातल्या एका दवाखान्यात मुलासाठी उपचार सुरू करायच्या तयारीत आहेत. तयारी म्हणजे दोघांच्या रक्ताचे रिपोर्ट, तिची सोनोग्राफी, त्याची तपासणी, लग्नाचं प्रमाणपत्र, संमतीच्या कागदांवर पानोपानी सह्या. इंजेक्शनं थंड ठेवावी लागतात म्हणून तिने फ्रिजच्या दारातला अंड्यांचा कप्पा आत्ताच रिकामा करून पुसून ठेवला आहे. आणि हा चार पानी फॉर्म. घरात कुणाला मधुमेह, कुणाला थायरॉइड, आणि त्याखाली, आईची पाळी कितव्या वर्षी गेली? आजीची?

तिने मला गाडीतून फोन केला. माजिवड्याच्या सिग्नलला अडकले होते दोघं. "आई, पटकन सांग, तुझी कधी थांबली? स्पीकरवर आहेस हं." मागून जावयाचा आवाज, "आई, खरं खरं सांगा, पेपर डॉक्टर तपासणार आहेत!" त्याला सगळ्याचीच थट्टा सुचते, पण मनाने चांगला आहे. मी डोंबिवलीत आमच्या ओट्यापाशी उभी, हातात उलथनं. म्हणाले, "अठ्ठेचाळीस. सगळ्यांसारखीच." "आणि आजीची?" "तिचीही तशीच." श्वास घ्यायच्या आत दोन खोटी उत्तरं देऊन मोकळी झाले. माझी सदतिसाव्या वर्षी गेली. तुझी कधी गेली ते मला ठाऊकच नव्हतं.

एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत माझी नोकरी झाली, बहुतेक सगळी प्रयोगशाळेत. माझ्या हाताखालच्या मुलांना एकच गोष्ट मी घोकून घोकून सांगितली, जी चाचणी केली नाही तिचा आकडा वहीत लिहायचा नाही. एकाने लिहिला तेव्हा त्याला मी सगळ्यांसमोर उभं करून वहीचं पान फाडायला लावलं होतं. पोरं मला पाठीमागे हेडमास्तर म्हणायची. त्या हेडमास्तरीणबाईंनी स्वतःच्या मुलीच्या फॉर्मवर अठ्ठेचाळीस लिहायला लावलं, कारण जावई ऐकत होता आणि तोंडाला तशीच सवय आहे. ती सवय कुणाची, हे तुला सांगायला हवं का?

संध्याकाळी लेकीचा परत फोन आला, या वेळी आवाज हलका. रिपोर्टमध्ये बीजांचा साठा तिच्या वयाच्या मानाने जरा कमी दिसतो, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरात कुणाची पाळी लवकर गेलेली नाही ना, मग सहा महिने गोळ्या आणि साधे उपचार करून बघू. तशी कुणाची गेलेली असती तर मात्र एक महिनाही थांबले नसते, सरळ मोठा उपचार सुरू केला असता. "म्हणजे बरंच आहे ना, आई?" मी "हो" म्हणाले. ती चौतीस वर्षांची आहे. सदतीस वजा चौतीस हे मला तोंडी येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कल्याणला मावशीकडे गेले. तुझी धाकटी बहीण आता ऐंशीची आहे आणि ऐकू कमी येतं. बाल्कनीत पावटे सोलत बसली होती. विचारलं, "मावशी, आईची पाळी कधी गेली?" "कोण गेली?" मी ओरडून विचारलं. शेजारच्या बाल्कनीतले गृहस्थ वर्तमानपत्र उचलून आत गेले. "अगं हळू बोल, बाई. तुझ्या आईची होय? तू नववीत होतीस तेव्हा. अडतीस पुरतं लागलं नव्हतं तिला."

"काहीतरीच. मी कॉलेजात असेपर्यंत ती दर महिन्याला बाजूला बसायची."

"बसायची की," मावशी हसायलाच लागली. "बसायला काय लागतं? एक पोतं नि एक तांब्या. चार दिवस कोण काम सांगत नाही, वाचायला मिळतं. मीच म्हणायचे तिला, ताई, मजा आहे तुझी." मग हसू थांबवून म्हणाली, "फडकीसुद्धा धुवून वाळत घालायची गं, परकराखाली झाकून. कोरी फडकी. सासूने बघितलं तर दिसायला हवं."

का, ते मग तिने सांगितलं. आजीला नातू हवा होता. मी एकटी, मुलगी. तू कोपऱ्यात बसतेस तोवर आजीला आशा होती. थांबलं हे कळलं असतं तर काकांचा मधला मुलगा दत्तक घ्यायचं जवळजवळ ठरलेलंच होतं, आणि मग जे काही शिक्षण-बिक्षण व्हायचं ते त्याचं झालं असतं. "तुझं बीएस्सी त्या पोत्यावर झालंय, समजलीस?" मावशी म्हणाली. "आणि सासू गेली, त्याच्या पुढच्याच महिन्यापासून हिचं बसणं बंद."

ते मला आठवत होतं, आई. आजी गेल्यावर तू एकदाही बाजूला बसली नाहीस. मला वाटलं तू बंड केलंस. मैत्रिणींना मी छाती फुगवून सांगितलं होतं, माझ्या आईने ही पद्धत घरातून हद्दपार केली. एवढी वर्षं मी तेच सांगत आले.

पोत्याचं ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. कारण त्या पोत्याची दुसरी बाजू मावशीला माहीत नाही. तू बसायचीस तेव्हा स्वयंपाक मी करायची. पहाटे नळाचं पाणी मी भरायची, बाबांचा डबा, आजीचं सोवळ्यातलं वेगळं, मग धावत कॉलेज. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मी उठते तर तू कोपऱ्यात. मी तुझ्याकडे बघते, तू मासिकात तोंड घालून बसली आहेस. मी म्हणते, "आई, आज माझी परीक्षा आहे." तू वर न बघता म्हणतेस, "मी काय करू? माझ्या हातात आहे का ते?" हे वाक्य मला चाळीस वर्षं पाठ आहे. तुझ्याच हातात होतं ते! एक दिवस पुढे ढकलता आलं असतं. मी पाऊण तास उशिरा पोचले. ओळखायला दिलेल्या क्षाराची शेवटची चाचणी करायला वेळ उरला नाही, म्हणून न करताच उत्तर लिहिलं, ते चुकलं, पहिला वर्ग गेला आणि त्याबरोबर एमएस्सीचा प्रवेश. मावशीलाही मी हे विचारलं, एक दिवस का नाही ढकललास तू? ती म्हणाली, "तुझी आजी तिथ्या मोजायची गं. गेल्या महिन्यात चतुर्थी, म्हणजे या महिन्यात तृतीया-द्वितीयेच्या पुढे जायला नको. एक दिवस हललं असतं तर तिने बोटांवर पकडलं असतं." असेल. तरी तू मासिकातून वर बघायला हवं होतंस.

आणि हे तरी आजीच्या माथी मारता येईल. पुढचं कुणाच्या माथी मारू? मी तेहतिशीची होते, मला दुसरं मूल हवं होतं आणि राहत नव्हतं. आजी जाऊन दहा वर्षं होऊन गेली होती, तुला भ्यायला घरात कुणी उरलं नव्हतं. तू माझ्याकडे राहायला आलीस, माझ्या साडीचा पदर नाकाला लावलास आणि म्हणालीस, "तुझ्या त्या कंपनीच्या वासाने होतंय हे. पोटात काय टिकणार? सोड ते काम." नवऱ्यानेही मान हलवली. मी प्रयोगशाळा सोडून दोन वर्षं त्याच कंपनीत गोदामाच्या कागदपत्रांवर बसले, डब्यांवरच्या चिठ्ठ्या तपासत. काही झालं नाही. होणारच नव्हतं. तुझी अडतिसाव्या वर्षी गेली होती. तुझ्या आईचीही चाळिशीच्या आत, मावशीचीही. "आपल्याकडे जातेच ती लवकर," असं मावशी पावट्याची शेंग मोडता मोडता सहज म्हणाली. तुला तिघींचं माहीत होतं आणि तू माझ्या पदराचा वास घेतलास. तिथेच तू मला तीन शब्द सांगितले असतेस, तर मी वेळेत डॉक्टरकडे गेले असते, आणि निदान स्वतःच्या हातांना दोष देत बसले नसते. मी दोन वर्षं आंघोळ करताना हात घासत होते, आई.

मावशीला म्हणाले, "हे मला कुणीच का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "अशा गोष्टी सांगतात का? आणि तू तरी कधी विचारलंस?" मी पिशवी उचलली. "पावटे घेऊन जा थोडे," म्हणाली. घेतले.

तिथून रिक्षाने स्टेशनला आणि पुढे थेट माजिवड्याला गेले. लेकीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून उड्डाणपूल दिसतो, वाहनं खेळण्यातल्यासारखी सरकत असतात. ती पोळ्या करत होती. मी बसलेसुद्धा नाही. "अठ्ठेचाळीस खोटं होतं. सदतीस. आजीची अडतिसाव्या वर्षी, पणजीचीही चाळिशीच्या आत. डॉक्टरना आजच कळव." तिने गॅस बंद केला. तव्यावरची पोळी तशीच राहिली.

"लग्नानंतर 'घाई काय आहे, आधी घर होऊ दे' हे तूच म्हणाली होतीस ना?"

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं?"

"माझं माहीत होतं. सगळ्या पिढ्यांचं नव्हतं."

"आई, वाक्य सजवू नकोस." आवाज अगदी माझा, पान फाडायला लावणारा. "मी सगळ्यांना सांगत असते, माझी पहिली पाळी आली तेव्हा आईने एक प्रश्न न विचारता कपाट उघडलं आणि पाकिटं काढून दिली. कधीपासून आणून ठेवलेली. वर्गात एकीचीही आई तशी नव्हती. त्या बाईने माझ्यापासून हे लपवलं?"

जावयाने चहा केला आणि पहिल्यांदाच त्याला थट्टा सुचली नाही. तिने कोरा फॉर्म घेतला, पुन्हा पहिल्यापासून भरला, आकडे मला मोठ्याने वाचून दाखवले आणि फोटो काढून दवाखान्याला पाठवला. अर्ध्या तासात उत्तर आलं. सहा महिन्यांचं रद्द. पुढची पाळी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी या, त्याच दिवसापासून इंजेक्शनं. मी निघताना ती म्हणाली, "जुना फॉर्म घेऊन जा, मला घरात नकोय." त्याच चार पानांच्या पाठकोऱ्या बाजूंवर मी हे लिहिते आहे. पलीकडून अठ्ठेचाळीस उलटं उमटलेलं दिसतं.

त्यानंतर पाच दिवस तिचा फोन नाही. मीही केला नाही. आज सकाळी सात वाजता एकच शब्द आला, "आली." आपल्या घरात हा शब्द कुणी कुणाला असा उघड कळवला नव्हता. मी विचारलं, "मी येऊ का उद्या?" तिने लिहिलं, "नऊला नौपाड्यात. उशीर करू नकोस." मी कशाला उशीर करीन!

तुझ्यावरचा राग गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. तुझं कारण मला कळतं आणि ते मला पुरत नाही, दोन्ही खरं आहे. पण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही, ती कुणालातरी सांगायला हवी, आणि तुला चटकन समजेल. ती पाकिटं मी तिच्यासाठी आणलेली नव्हती. माझी थांबली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. नवऱ्याला अजून दुसऱ्या मुलाची आशा होती, त्याला काय सांगायचं मला सुचेना. म्हणून मी दोन वर्षं दर महिन्याला, त्याच तारखेच्या आसपास, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पाकीट आणत राहिले, काळ्या पिशवीतून, आणि कपाटात त्याला दिसेल असं ठेवत राहिले. ती तेरा वर्षांची असताना एका दुपारी बाथरूमच्या दारातून घाबरून हाक मारायला लागली. मी कपाट उघडलं. खालचा अख्खा खण भरलेला होता, एकही पाकीट फोडलेलं नव्हतं. ती म्हणाली, "आई, एवढी? माझ्यासाठी?" मी म्हणाले, "मग कुणासाठी?"