हायाशिदा साहेब बीरगांवच्या फाटकावर

पुणे, २ जानेवारी २००२

तीर्थरूप गंगाधरकाका,
सविनय जयभीम.

मी ज्यांची दुभाषी आहे, ते हायाशिदा साहेब सोळा तारखेला रायपूरला येत आहेत. तुमच्याच पोलाद मिलच्या मालकांनी बोलावलंय. रायपूर राजधानी झाल्यापासून शेजारच्या बीरगांवच्या जमिनीला भाव आला. मिल बंद करा, हा सल्ला त्यांना साहेबांच्या तोंडून हवा आहे.

साहेब मूळचे जहाजं बांधणारे इंजिनियर. पुढे बुडत्या कंपन्या तारणारे सल्लागार झाले, जपानचे मंत्री त्यांचं ऐकत. मग महापौरपदाला उभे राहिले आणि सपाटून आपटले. लोक हसले, तरी यांचं बोलणं थांबलं नाही. तुमचेच भाऊ शोभतात!

म्हणून विनवते, कामगारांचे पुढारी असलात तरी मिलच्या फाटकावर आग ओकू नका. माझी नोकरी अजून कच्ची आहे. रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची अनुश्री

बीरगांव, ८ जानेवारी

चि. अनुश्रीस,
सप्रेम जयभीम.

काहून वो पोट्टी, काकाले गप्प बसवते? तुझ्या साहेबांचं पुस्तक मी हिंदीतून दोनदा वाचलंय. यंत्रापाशी उभं राहिल्याशिवाय कारखान्यावर बोलू नये, असं त्यांनीच लिहिलंय. मग मुक्काम हॉटेलात, बैठक हॉटेलात आणि मरण आमचं? तीनशे चुली आहेत इथं!

स्वागताचं भाषण मालकांनी मलाच सांगितलंय. एरवी पाहुण्याला हार घालून गोड बोलतो ना मी! याही वेळी हार घालीन, पण बोलीन मराठीत आणि खरं. तू जपानीत सांग. जीभ नोकरीला लावलीस, गहाण नाही टाकलीस. एक वाक्य गाळलंस तर वडाभात मिळणार नाही, असं काकू म्हणते.

लोभ आहे, धाकही आहे.

गंगाधरकाका

पुणे, २२ जानेवारी

तीर्थरूप काका,
सविनय जयभीम.

फाटकावर तुमच्या पहिल्या वाक्यांना मालक मराठी नीट न कळताच टाळ्या वाजवत होते. अर्थ डोक्यात शिरला तसे माझ्या कानाशी येऊन म्हणाले की, मजदूर खुश हैं, एवढंच सांग. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, हरलेल्या माणसाला तरी दुसऱ्याचं हरणं कळावं. मी तेही सांगितलं. साहेबांनी गळ्यातला हार काढून हातात धरला.

जेवताना त्यांनी भट्टी पाहायला मागितली. मालक म्हणाले, उद्या. साहेब म्हणाले, मग सल्लाही उद्या. तो उद्या उजाडलाच नाही. भट्टी कुणी दाखवली नाही; सल्ला न देताच सकाळच्या विमानाने साहेब परतले.

मिल वाचली असं मात्र समजू नका. सोमवारी दुसरा सल्लागार येतोय, हिंदी बोलणारा, दुभाषी न लागणारा. मालकांच्या तक्रारीने माझी नोकरीही गेली.

रविवारी पोचते. काकूला वडाभात करायला सांगा; एकही वाक्य गाळलेलं नाही. सोमवारी फाटकावर माईक लावा आणि घसा जपून ठेवा. या खेपेला आधी मी बोलणार आहे.

तुमचीच पोट्टी,
अनुश्री