तेलाची ओळ

मंठा,
८ डिसेंबर २०२५

चि. सौ. रेणुका, तुला सांडूदादाचा अनेक आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक. थंडीनं तुझ्या वहिनीचे गुडघे धरले आहेत. पांढऱ्या मेंढीला जुळी झाली, दोन्ही पिलं उड्या मारून राह्यली. तू फोन उचलत न्हाईस म्हणून लिहायला बसलो. अंबडला गिरिजामावशीकडं नीट जेवतेस ना? मावशीचा हात तिखटाला सैल आहे, तुला सोसत न्हाई, तेवढं सांगून ठेव.

मी गोष्टी लिहायला कसा शिकलो हे तुला कधी सांगितलं न्हाई. चौथीनंतर शाळा सुटली, ते तुला ठाऊकच. मास्तर म्हणून एक थोर कथाकार होऊन गेले, त्यांना मी कधी बघितलं न्हाई, पण गुरू तेच. माळावर मेंढरं पांगली की वाचनालयातलं त्यांचं पुस्तक काढायचं. अर्धी गोष्ट वाचायची, पुस्तक मिटायचं, पुढची आपल्या मनानं रचायची, मंग त्यांची उघडून ताडून बघायची. दर खेपेला माझ्या गोष्टीतला माणूस सुटायचा अन् त्यांचा अडकायचा. माझी वाचून मला झोप यायची. त्यांची वाचून हातातली भाकर तशीच राहायची. लई वर्षांनी उमगलं. लोकर कातरताना मेंढीची कीव आली की हात थरथरतो अन् कातर कातडीत जाते. लिहिण्याचंही तसंच.

दिवाळी अंकात आली ती माझी तशी पहिली गोष्ट. नावं सगळी बदलली होती गं. तू न्हाई, तुझे मालक रामेश्वरराव न्हाईत, तुझी सासू तुळजाबाई न्हाई, गावसुद्धा दुसरंच. पण मास्तर बारीकसारीक लिहायचे, कळप वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं उभा करायचे. म्हणून मी मेंढरांच्या कानाची खूण लिहिली. डावा कान मधोमध चिरलेला, उजव्याचा शेंडा उडवलेला. ही खूण तालुक्यात एकट्या तुझ्या सासरची. आपल्या लोकांना माणसाचं नाव लागत न्हाई, मेंढीचा कान दिसला की घर कळतं. जन्म मेंढरांत गेला माझा, तरी ध्यानात आलं न्हाई.

तुझ्या गावात टपरीवर अंक मोठ्यानं वाचला म्हणे. भ्रमिष्ट सासूचा पाय मेंढीच्या दाव्यानं खाटेला बांधून सून कापूस वेचायला जाते, ती गोष्ट. ते ऐकून तुझी नणंद येऊन म्हातारीला घेऊन गेली. रामेश्वररावांनी तुला बाहेर काढलं अन् दोन्ही पोरी ठेवून घेतल्या.

भावकी बसली तेव्हा मी गेल्तो. तुला कोणी सांगितलं न्हाई बहुतेक. हात जोडून म्हणालो, "गोष्टीत एक राहून गेलं. म्हातारी विहिरीकडं चालत सुटायची म्हणून पोरगी बांधायची. दुपारी रानातून पळत येऊन सोडायची. पायावरचा वळ बघून रडायची, अन् त्याला तेल चोळत बसायची."

भावकीतले थोरले बद्रीनाथमामा पान लावत होते. म्हणाले, "पावणं, छापताना हे तेल कुठं सांडलं व्हतं?"

"मला ठाऊक होतं, मामा."

"ठाऊक व्हतं अन् लिवलं न्हाई? मंग अगदी आज सकाळीच घाण्यावरून आणलंय म्हणा की!"

सगळे हसले. रामेश्वरराव तेवढे हसले न्हाईत. वाटेला लावायला आले अन् म्हणाले, "दादा, गावानं छापील वाचलंय. मला छापील दाखवा. तेलाचं छापून आणा, मी सोता जाऊन तिला घेऊन येतो."

तूही मावशीबरोबर तोच निरोप धाडलास. "शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. दादाला म्हणावं, पुस्तक निघायलंय तर त्यात माझं तेवढं घाल."

घातलं गं मी. प्रकाशकाला शेवटचा मजकूर द्यायचा होता. दुपार घातली, वळ घातला, तेल घातलं, अन् तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती ताटावरून उठली होती. या खेपेला शेंगा सोलत ऐकत राहिली अन् म्हणाली, "आता कसं बरं वाटलं."

तिथंच मला कळलं. मंग तेल अलीकडं घालून बघितलं, पलीकडं घालून बघितलं, एका ओळीत बसवून बघितलं. कुठंही घाला, सून सुटते. सून सुटली की वाचणाराही सुटतो, अन् हात झटकून चहाला जातो.

परवा पाकीट रवाना केलं. तेल काढून.

रामेश्वररावांना सांगायला मी जाणार न्हाई, तूच कळव. रविवारी तुला घ्यायला येतो. दादाच्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई म्हणालीस, ते रागातलं. मागची खोली सारवून घेतली आहे. मी जिता आहे तोवर तुला अन्नाला, लुगड्याला कमी पडू देणार न्हाई. पोरींचं बघू पुढं.

पुस्तक तुलाच अर्पण केलं आहे. पहिल्या पानावर तुझं नाव येईल.

तुझ्यावर पोटच्या पोरीवाणी जीव असलेला,
सांडूदादा