गंगूचं दूध

१८ नोव्हेंबर १९७४, जऊळका

आले एकदाची! मूर्तिजापूरला आई रडली, मी मात्र अकोल्याला छोट्या गाडीत बसल्यापासून गुणगुणतच होते. शिक्षिकेची पहिली नोकरी, स्वतःची खोली! ती रेल्वेतल्या उकंडराव गँगमनच्या घराला लागूनच आहे, अंगण सामाईक. त्यांची बायको जिजाबाई खणखणीत बोलते. सून गंगू माझ्याच वयाची, मांडीवर तान्ही लेक. तिने आल्या आल्या गरम भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. म्हणाली, "आता तुमी आमच्यातल्याच, बाई."

२४ नोव्हेंबर

शाळा आवडली. दुपारी ओट्यावर वह्या तपासत बसते, समोर गंगू लेकीला पाजत असते. आज तिचा नवरा भिवाजी शिरपूरहून तिच्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन आला. मला बघायला आलेल्या बडनेऱ्याच्या मुलाने रंगावरून नाकारलं आणि मे महिन्यात दुसरीशी लग्न केलं. गंगूला एसटीची पाटी वाचता येत नाही. तिला मात्र सगळं मिळालं. वाईट वाटतं असं लिहिणार होते. खरं म्हणजे जळफळाट होतो.

३ डिसेंबर

बाळाला पहिल्यांदा घेतलं. तिने माझ्या पोलक्याशी तोंड घासलं. गंगू हसून म्हणाली, "तिले वाटून राह्यलं, तुमच्यापाशीबी हाये." जिजाबाईही हसली. मीही हसले. मनात मात्र आलं, माझ्याकडे असावं. आणि हिच्याकडे नसावं.

९ डिसेंबर

अंघोळीच्या वेळी उजवी छाती जड लागली. कातडी ताणलेली, वर निळी शीर. पदर घासला तरी ठणकते. माझी मावशी छातीत गाठ होऊन गेली. शेवटी तिला कूस बदलता येत नव्हती. कोणाला विचारू? जिजाबाईला सांगितलं तर सगळ्या गावाला कळेल.

१३ डिसेंबर

फळ्यावर लिहीत होते. चौथीतली एक मुलगी म्हणाली, बाई, तुमचं पोलकं ओलं झालं. माठातलं पाणी सांडलं असं सांगितलं. घरी येऊन दार लावून पाहिलं.

दूध आहे.

मला पुरुषाचा हातसुद्धा लागलेला नाही. हे कोण खरं मानेल? नोकरी जाईल. आई जीव देईल.

१५ डिसेंबर

गंगूचं दूध आटत चाललंय. जिजाबाई तिला खसखस, हळीव खाऊ घालते. पोर दिवसभर रडते. ऐकून आधी आनंद झाला. मग स्वतःचीच भीती वाटली.

१९ डिसेंबर

वाशीमला लेडी डॉक्टरला दाखवलं. बाळंतपण कधी झालं, हाच पहिला प्रश्न. मी रडले तेव्हा तिने विश्वास ठेवला. गाठ नाही म्हणाली. डोकं दुखतं का, नजर धूसर होते का, पाळी येते का, सगळं विचारलं. मूल नसतानाही कधी कधी असं होतं, अकोल्याला जाऊन डोक्याचा फोटो काढा, घाबरू नका पण टाळूही नका, असं सांगितलं.

हायसं वाटायला हवं होतं. एसटीत मी एकच विचार करत होते, अकोल्याला गेले तर ते हे बंद करतील.

२३ डिसेंबर

गेले नाही. जाणार नाही.

गंगू धुणं घेऊन विहिरीवर गेली, पोर माझ्याकडे ठेवून. मी कडी लावली. ती प्यायली. पोटभर. माझं बोट धरून झोपली.

२६ डिसेंबर

आता पोर गंगूच्या छातीला तोंडच लावत नाही. शेळीचं दूध ओकते. गंगूची छाती पार बसली, पोलकं लोंबतं. जिजाबाई मीठ-मिरच्या ओवाळते. माझी डावीही भरली आहे. जेवढी गंगू वाळते, तेवढी मी —

२८ डिसेंबर

गंगूने बाळाच्या तोंडाचा वास घेतला. दुधाचा. माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. पायाशी बसली. म्हणाली, "पाजा तिले, बाई. मरू नका देऊ. मले फक्त दुरून पाहू द्या."

मी नाही म्हटलं.

पोरीला उचलून आत घेतलं, दार लावलं.

३० डिसेंबर

शाळेत गेले नाही. पोर माझ्याकडेच. उकंडराव दाराशी येऊन चांगल्या शब्दांत मागून गेले. दिली नाही.

सकाळपासून दूध नाही. दाबलं तरी नाही. ती ओढते, रक्त येतं. काल तर —

३१ डिसेंबर, दुपार

गंगू दाराबाहेर बसली आहे. फटीतून पाहिलं. तिचं पोलकं ओलं आहे. दोन्हीकडे. तिला परत — सगळं तिलाच —

ती हाक मारते आहे. पोरीने तोंड फिरवलं. दाराकडे. माझं एवढं पिऊनसुद्धा.

मी तिचं तोंड परत छातीशी घेतलं. डाव्या हाताने धरलंय, उजव्याने लिहिते. भिवाजी दारावर धक्के देतो आहे. पोर लाथा मारते केवढ्या. अजून घट्ट धरलं.

आता नाही मारत. गंगू, बघ, तुझी हाक ऐकूनही ती आता —