आठला पातेलं वाजवायचं नाही

यान नाइंग,

आधी हे पुरतं वाच, मग माझ्या नावाने शंख कर.

मासे कापायचा सुरा शोधू नकोस, मी बरोबर नेलाय. समोरच्या खबऱ्याला उभा चिरीन म्हणून काल आईच्या देखत ओरडत होतास. चिरशील रे, पण मग सैनिक अख्खी गल्ली पेटवतील, त्याचं काय?

आपल्या धाकट्या टेझाचा जीव खबऱ्याने नाही, आपल्या गोंगाटाने घेतला. रोज रात्री आठला लष्करशाहीची भुतं हाकलायला सगळं यांगोन शहर पातेली बडवतं, आणि सैनिक आले की इशारा म्हणूनही आपण पातेलीच बडवतो. काल ते नेमके आठलाच घुसले. पलीकडची गल्ली जीव तोडून इशारा देत होती आणि आपल्याला वाटलं, काय रंगात आलेत! टेझा तर हसत दारात आला होता. त्याच्या डोक्याच्या चिंधड्या अजून आपल्या पायरीवर आहेत. आई उठायच्या आत धुऊन काढ. त्याची चप्पल मात्र टाकू नकोस.

फोन बंद आहेत, म्हणून वस्तीवस्तीत पायी सांगत फिरणार आहे. आपल्यात पुढारी नाही, तेव्हा हुकूम कोण सोडणार? गल्लीगल्लीशी भांडून पटवावं लागेल.

आजपासून आठला सगळे गप्प. पातेलं वाजलं म्हणजे सैनिक आलेच. आईला घेऊन मागच्या नाल्यातून पळ.

वाजवणारी मी आहे असं वाटलं, तरी मागे फिरू नकोस.

— ताई